ओरिकॉनचा पहिला क्रमांक: जपानी अल्बमांची क्रमवारी वाचायची कशी आणि तिच्या आधाराने ऐकायचं काय

आपल्याकडे जपानी गाण्यांची ओळख बहुतेकांना ॲनिमेतून होते. एखादं शीर्षकगीत मनात घर करतं, गायकाचं नाव शोधलं जातं, आणखी दोन-चार गाणी सापडतात आणि तिथे गाडी अडते. पुढे काय ऐकायचं? ॲप जे सुचवतं ते पहिल्या गाण्यासारखंच असतं. जपानी लोक स्वतः गेली पन्नास-पंचावन्न वर्षं काय विकत घेऊन ऐकत आले, हे त्यातून कळत नाही.

ते कळायचा सोपा रस्ता म्हणजे अल्बमांची साप्ताहिक क्रमवारी. जानेवारी 1970 पासून जपानमध्ये दर आठवड्याला कुठला अल्बम पहिला आला याची नोंद आहे. मात्र ही यादी वाचायला थोडं शिकावं लागतं. नुसतं ‘नंबर एक’ बघून अल्बम ऐकायला घेतलात तर निम्म्या वेळा निराशा होईल, आणि खरोखर थोर अल्बम दुसऱ्या क्रमांकावर राहिला म्हणून नजरेतून सुटेल. पुढच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने देतो.

पहिली पायरी: यादी कोणाची ते आधी बघा

जपानमध्ये नाव घ्यावं अशा दोन क्रमवाऱ्या आहेत. जुनी आणि मानाची ती ओरिकॉनची. कोइके सोको यांनी 1967 मध्ये ‘ओरिजिनल कॉन्फिडन्स’ नावाने हा उद्योग सुरू केला. त्याच नावाची कात्री लावून ‘ओरिकॉन’ झालं. सिंगल गाण्यांची अधिकृत यादी जानेवारी 1968 मध्ये आली आणि एलपी तबकड्यांची जानेवारी 1970 मध्ये. पुढे कॅसेट आणि सीडीच्या यादीही निघाल्या. 1987 च्या ऑक्टोबरात सगळं एकत्र करून एकच अल्बम-क्रमवारी झाली. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या अल्बमचा आकडा कुठे दिसला, तर तो फक्त एलपीचा आहे की कॅसेट धरून, हे विचारायलाच हवं. दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात त्याचं कारण बहुधा हेच असतं.

दुसरी बिलबोर्ड जपानची. तिची ‘हॉट अल्बम्स’ ही यादी 2015 पासून आहे आणि तिने पहिल्यापासून सीडीच्या विक्रीबरोबर डाउनलोडही धरले. पूर्वी ती आणखी एक गंमतशीर गोष्ट मोजत असे: एखादी सीडी किती वेळा संगणकात घालून वाचली गेली. लोक सीडी भाड्याने आणून संगणकावर उतरवून घेत, ते असं पकडलं जाई.

ओरिकॉननेही डिसेंबर 2018 मध्ये सीडी, डाउनलोड आणि स्ट्रीमिंग मिळून एकत्रित यादी सुरू केली. जपानीत तिच्या नावात ‘गास्सान’ हा शब्द असतो. जुनी, फक्त प्रत्यक्ष तबकड्यांची यादीही चालूच आहे. म्हणून ‘ओरिकॉनवर पहिला’ असं वाचलंत की गास्सान की साधी, एवढं बघून घ्या.

दुसरी पायरी: आठवडा कधी सुरू होतो

हे कंटाळवाणं वाटेल, पण याशिवाय तारखा जुळत नाहीत. ओरिकॉनचा आठवडा सोमवार ते रविवार. यादी मंगळवारी बाहेर येते आणि तिच्यावर तारीख पडते ती त्यापुढच्या सोमवारची. जपानी अल्बम बहुतेक बुधवारी निघतात. माल मात्र दुकानात मंगळवारीच पोचतो आणि त्याच दिवशी मांडला जातो. हौशी चाहते मंगळवारी संध्याकाळीच दुकान गाठतात. या आदल्या दिवशीच्या खरेदीला तिथे ‘फुरागे’ म्हणतात, म्हणजे ‘फ्लाइंग गेट’चं छोटं रूप.

उदाहरण घ्या. उतादा हिकारु या गायिकेचा ‘फर्स्ट लव्ह’ 10 मार्च 1999 ला, बुधवारी आला. त्याचा पहिला आठवडा 8 ते 14 मार्च. यादीवर तारीख 22 मार्च. आता तुम्ही 10 मार्चची यादी शोधत बसलात तर अल्बम तिथे नसणारच. अल्बमच्या बुधवारात बारा दिवस मिळवा, की यादीची तारीख मिळते.

तिसरी पायरी: मान आणि ओकु, लाख आणि कोटी

इथे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा सोपं जातं, म्हणून जरा थांबून सांगतो. जपानी मोजणीत हजारानंतरचा टप्पा दहा हजारांचा. त्याला ‘मान’ म्हणतात. त्यानंतरचा थेट दहा कोटींचा, त्याला ‘ओकु’. विक्रीचे आकडे जपानी बातम्यांत मानमध्येच असतात. इंग्रजीतून समजून घ्यायला गेलं की मिलियनमध्ये दशांश चिन्हाची कसरत सुरू होते. आपल्याला फक्त दहाने भागायचं आहे: दहा मान म्हणजे एक लाख. 765 मान म्हणजे साडेशहात्तर लाख. ओकुचं उलट, दहाने गुणा: एक ओकु म्हणजे दहा कोटी.

‘फर्स्ट लव्ह’चा ओरिकॉनचा एकूण आकडा 765 मान आहे. साडेशहात्तर लाख प्रती. जपानमध्ये आजवर इतका खपलेला दुसरा अल्बम नाही, आणि तो निघाला तेव्हा उतादा सोळा वर्षांची होती.

आकड्यांच्या शेजारी काही शब्द वारंवार येतात. ते कानाला सवयीचे करून घ्या. ‘माइ’ म्हणजे नग. कागद, ताटली, तबकडी अशा चपट्या वस्तू मोजायचा प्रत्यय. ‘इ’ म्हणजे क्रमांक. ‘हात्सुतोजो इचि-इ’ म्हणजे आल्या आल्या पहिला. ‘रुइकेइ’ म्हणजे आजवरची बेरीज. आणि सर्वांत महत्त्वाचा ‘सुइतेइ’, म्हणजे अंदाजे. ओरिकॉन दुकानांकडून आकडे गोळा करून देशभराचा अंदाज बांधतं. एकेका प्रतीपर्यंतचा आकडा छापलेला असला तरी तो अंदाजच.

याच्या जोडीला ‘मिलियन’, ‘प्लॅटिनम’ असे किताब दिसतील. ते जपानच्या ध्वनिमुद्रिका उद्योगाच्या संघटनेचे. आजच्या नियमाने एक लाखाला गोल्ड, अडीच लाखांना प्लॅटिनम, दहा लाखांना मिलियन. हे किताब कंपनीने दुकानांकडे किती प्रती पाठवल्या त्यावर मिळतात, किती खपल्या त्यावर नाही. ओरिकॉनचा आकडा आणि किताब यांत तफावत दिसली तर गोंधळू नका.

सनावळीचंही लगेच उरकून घेऊ. जपानी लेखांत ‘हेइसेइ 11’ असं वर्ष येतं. शोवामध्ये 1925 मिळवा, हेइसेइमध्ये 1988, रेइवामध्ये 2018. हेइसेइ 11 म्हणजे 1999.

चौथी पायरी: अल्बम कुठल्या जातीचा?

आता जरा रस येतो. जपानी यादीत नव्या गाण्यांचा मूळ अल्बम आणि जुन्या गाण्यांचा ‘बेस्ट’ संग्रह एकाच रांगेत उभे असतात. दोघांची तुलना करताना हे डोक्यात नसेल तर चुकीचा निष्कर्ष निघतो.

28 मार्च 2001 हा दिवस यासाठी बघा. त्या बुधवारी उतादा हिकारुचा दुसरा जपानी अल्बम ‘डिस्टन्स’ आणि हामासाकी आयुमीचा ‘ए बेस्ट’ एकाच दिवशी दुकानात आले. त्या काळातल्या दोन सर्वांत मोठ्या गायिका, एकच तारीख. पहिल्या आठवड्यात ‘डिस्टन्स’ 300 मान, म्हणजे तीस लाखांच्या जरा वर. ‘ए बेस्ट’ 287 मान, पावणेएकोणतीस लाखांच्या आसपास. दोन्ही मिळून एका आठवड्यात जवळपास एकोणसाठ लाख अल्बम. दुसऱ्या कुठल्याही आठवड्यात आला असता तर ‘ए बेस्ट’ हमखास पहिला असता. 2015 मध्ये अमेरिकेत अडेलच्या ‘25’ ने 33 लाखांवर मजल मारली, तोवर एका आठवड्यात ‘डिस्टन्स’एवढा अल्बम कुठल्याच देशात खपला नव्हता.

पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे अल्बम आहेत. ‘ए बेस्ट’ म्हणजे आयुमीच्या तोवरच्या गाजलेल्या गाण्यांची एकत्र मोळी. तिची ओळख करून घ्यायला उत्तम. ‘डिस्टन्स’ हा अठरा वर्षांच्या मुलीने प्रचंड यशानंतर काय लिहिलं याचा दस्तऐवज आहे. नवख्याने गायकाची ओळख बेस्टमधून करून घ्यावी आणि गायकाला समजून मात्र मूळ अल्बममधूनच घ्यावं, असं माझं मत आहे.

बेस्टमध्येही एक मोठा अपवाद आहे. गायिका अमुरो नामिएने 20 सप्टेंबर 2017 ला, आपल्या चाळिसाव्या वाढदिवशी, वर्षभरात निवृत्त होत असल्याचं जाहीर केलं आणि 8 नोव्हेंबरला ‘फायनली’ काढला. तीन तबकड्या, 52 गाणी, आणि जुन्यांपैकी बरीचशी तिने नव्या आवाजात पुन्हा गायलेली. वीस लाखांच्या वर प्रती गेल्या. ओरिकॉनचं वर्ष डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन नोव्हेंबरअखेर संपतं. त्यामुळे नोव्हेंबरात आलेला हा अल्बम 2017 चाही वार्षिक पहिला ठरला आणि 2018 चाही. वार्षिक यादी वाचताना हे डिसेंबरचं गणित विसरू नका.

आवृत्त्यांकडेही लक्ष हवं. एकाच अल्बमची ‘शोकाइ गेन्तेइबान’, म्हणजे पहिल्या छपाईची मर्यादित आवृत्ती, आणि ‘त्सुजोबान’, म्हणजे साधी आवृत्ती, अशी किमान दोन रूपं असतात. मुलामुलींच्या गायनगटांच्या अल्बमांची तर तीन-चार. मुखपृष्ठ निराळं, सोबतची चित्रफीत निराळी, कधी छायाचित्र, कधी कार्यक्रमाच्या सोडतीची चिठ्ठी. निष्ठावान चाहते सगळी रूपं घेतात आणि ती एकाच अल्बमच्या खात्यात जमा होतात. यात खोटं काही नाही, पैसे खरेच मोजलेले असतात. पण तीन लाख प्रती म्हणजे तीन लाख माणसं, हे गणित इथे लागू पडत नाही.

पाचवी पायरी: दुसरा आठवडा बघा, मग दहावा

हीच या सगळ्यातली माझी सर्वांत आवडती युक्ती. अलीकडे पहिला येणारा अल्बम बहुतेक पहिल्याच आठवड्यात पहिला येतो आणि पुढच्या आठवड्यात झपाट्याने खाली घसरतो. चाहत्यांनी ठरवून त्याच आठवड्यात खरेदी केलेली असते. तेव्हा अल्बमचं नाव शोधा आणि पुढचे पाच-दहा आठवडे तो कुठे होता ते यादीत एकेक करून बघत चला. जो दहाव्या आठवड्यातही पहिल्या वीसांत आहे तो चाहत्यांच्या बाहेरच्या लोकांनी घेतला, असं खुशाल समजा.

आता यादीच्या अगदी सुरुवातीला जा. 1970 मध्ये फुजी केइको नावाच्या अठरा वर्षांच्या एन्का (जुन्या वळणाची, दुःखाने भरलेली जपानी भावगीतं) गायिकेचा पहिला अल्बम वीस आठवडे पहिला राहिला. त्याला खाली खेचलं तिच्याच दुसऱ्या अल्बमने, आणि तो सतरा आठवडे टिकला. सलग 37 आठवडे एकच बाई! दबका, खरबरीत, वयाला न शोभणारा आवाज. टोकियोतल्या शिंजुकूच्या रात्री, फसवलेल्या बायका, ही तिची दुनिया. आज एखादा गट वर्षात दोनदा पहिला आला तरी एवढे आठवडे गाठणं कठीण.

ही फुजी केइको म्हणजे उतादा हिकारुची आई. आई यादीच्या पहिल्या वर्षात सर्वांत जास्त काळ टिकली आणि मुलगी एकोणतीस वर्षांनी सर्वांत जास्त खपली. 2013 मध्ये केइको गेल्या. मी हे दोन अल्बम एकामागून एक ऐकले तेव्हा दोघींचे सूर काही जुळले नाहीत. मग लक्षात आलं, जुळतं ते शब्दाच्या शेवटी येणारं थरथरणं. तुम्ही ऐकून ठरवा.

दीर्घकाळ टिकलेला आणखी एक: गायक इनोउए योसुइचा ‘कोओरि नो सेकाइ’, म्हणजे ‘बर्फाचं जग’. डिसेंबर 1973 मध्ये आला आणि पहिल्या दहांत शंभरहून जास्त आठवडे रेंगाळला. दहा लाख प्रतींचा टप्पा गाठणारा हा पहिला जपानी अल्बम.

सहावी पायरी: काळ धरून तोला

1975 चा पहिला, 1998 चा पहिला आणि 2020 चा पहिला एका तराजूत घालू नका. सत्तरीत एलपी महाग होती. 1980 मध्ये टोकियोतल्या मिताकात तबकड्या भाड्याने देणारं दुकान निघालं आणि ती पद्धत देशभर पसरली. भाड्याने नेलेली तबकडी ओरिकॉनच्या विक्रीत येत नाही. 1 ऑक्टोबर 1982 ला सोनीचं पहिलं सीडी-यंत्र आणि पहिल्या सीडी आल्या. नव्वदीत टीव्ही मालिकांची गाणी, जाहिराती आणि कराओके यांनी मिळून विक्री आभाळाला नेली. 1992 मध्ये ड्रीम्स कम ट्रू या गटाच्या ‘द स्विंगिंग स्टार’ने तीस लाख ओलांडले, 1997 मध्ये ग्ले या गटाचा ‘रिव्ह्यू’ पन्नास लाखांच्या जवळ गेला, पुढच्याच वर्षी बीझ या जोडीचा ‘द बेस्ट प्लेझर’ त्यापलीकडे. 1998 हे शिखर. त्या वर्षी ध्वनिमुद्रिकांचं उत्पादन 6,075 ओकु येन होतं. आपल्या हिशेबाने 60,750 कोटी येन. त्यानंतर उतरण.

तरी सीडी जपानमध्ये इतर देशांइतकी मेली नाही. 2019 मध्ये जगात सर्वांत जास्त खपलेला अल्बम आराशी या जपानी गटाचा बेस्ट संग्रह होता, तेहतीस लाख प्रती. आणि गायक योनेझु केन्शीने 5 ऑगस्ट 2020 ला ‘स्ट्रे शीप’ काढला, त्याच दिवशी आपली सगळी गाणी स्ट्रीमिंगवरही खुली केली. तरीही सीडी दहा लाखांच्या वर गेली.

सगळ्या काळांना पुरून उरलेली एकच गायिका: मात्सुतोया युमी. सत्तरच्या दशकापासून विसाच्या दशकापर्यंत प्रत्येक दशकात तिचा अल्बम ओरिकॉनवर पहिला आला आहे. सहा दशकं.

सातवी पायरी: आता ऐकायला बसा

रोज एक अल्बम, सलग, गाणी न वगळता. सुरुवात ‘फर्स्ट लव्ह’ने करा, कारण त्यातली लय आजच्या कानाला परकी वाटत नाही. लगेच मागे जाऊन फुजी केइको. मग ‘कोओरि नो सेकाइ’.

चौथ्या दिवशी येलो मॅजिक ऑर्केस्ट्राचा ‘सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर’. त्यात तिघं: होसोनो हारुओमि, ताकाहाशी युकिहिरो, साकामोतो र्युइचि. 1979 चा हा यंत्रसंगीताचा अल्बम 1980 चा वार्षिक पहिला ठरला. ज्या देशात दहा वर्षांपूर्वी एन्काने 37 आठवडे राज्य केलं तिथेच!

पाचवा दिवस दोन अल्बमांचा ठेवा. 1981 चे दोन अल्बम: तेराओ आकिराचा ‘रिफ्लेक्शन्स’ आणि ओताकि एइइचिचा ‘अ लाँग व्हेकेशन’. तेराओ हा मुळात अभिनेता. त्याचा अल्बम त्या वर्षीचा अव्वल. ओताकिचा दुसऱ्या क्रमांकापर्यंतच पोचला. पण जपानमधली पहिली सीडी-खेप निघाली तेव्हा ओताकिचा अल्बम तिच्यात होता, आणि आजही जलतरण तलावाचं नागाई हिरोशी यांनी काढलेलं ते मुखपृष्ठ लोक क्षणात ओळखतात. गंमत म्हणजे ओताकिची जवळपास सगळी गाणी आणि तेराओचं सर्वांत गाजलेलं गाणं एकाच माणसाने लिहिलं आहे, मात्सुमोतो ताकाशी यांनी. मात्सुमोतो, ओताकि आणि वर आलेले होसोनो हे तिघं सत्तरीच्या सुरुवातीला ‘हाप्पी एन्दो’ या एकाच वाद्यवृंदात होते. त्या वाद्यवृंदाचा अल्बम कधीच पहिला आला नाही. मात्र त्याच्या फांद्यांनी पुढची दहा वर्षं यादी व्यापली. म्हणून दर अल्बमचे गीतकार-संगीतकार वहीत लिहून ठेवा. दहा अल्बमांनंतर तीच नावं फिरून येताना दिसतील आणि तिथून तुमची स्वतःची वाट निघेल.

सहाव्या दिवशी ताकेउचि मारियाचा 1984 चा ‘व्हरायटी’. हा पहिला आला होता. त्यातलं ‘प्लास्टिक लव्ह’ स्वतंत्र निघालं तेव्हा कोणी विशेष विचारलं नाही, आणि तीसेक वर्षांनी यूट्यूबने ते जगभर नेलं. तिचा नवरा यामाशिता तात्सुरो याने हा अल्बम घडवला. त्याचे स्वतःचे जुने अल्बम स्ट्रीमिंगवर शोधाल तर मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी तबकडीच लागते.

सातव्या दिवशी ‘डिस्टन्स’ आणि ‘स्ट्रे शीप’. योनेझु आधी ‘हाचि’ नावाने संगणकीय आवाजासाठी गाणी रचत असे, हे माहीत असलं की त्याच्या चालींतल्या अवघड उड्या उमगतात.

तबकडी विकत घेणार असाल तर

नव्या सीडीला जपानमध्ये सवलत जवळपास नसते, कारण प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीलाच विकायची कायदेशीर पद्धत तिथे आहे. म्हणून जपानला गेलात तर जुन्या सीडींच्या दुकानांत शिरा. नव्वदीत लाखोंनी खपलेले अल्बम तिथे कपाटंच्या कपाटं भरून असतात, आणि इतके खपले म्हणूनच स्वस्त असतात.

डबीच्या डाव्या कडेला कागदाची पट्टी गुंडाळलेली असते, तिला ‘ओबि’ म्हणतात. किमोनोच्या कमरपट्ट्याचाच शब्द. तिच्यावर गायकाचं नाव, एखादी जाहिरातीची ओळ, किंमत, सूचीक्रमांक आणि प्रकाशनाची तारीख असते. काही पट्ट्यांवर ती ठरावीक किंमत कोणत्या दिवसापर्यंत बंधनकारक आहे तेही बारीक अक्षरात छापलेलं असतं. तारखेवरून दुसऱ्या पायरीतलं गणित लगेच करून बघता येतं. ओबि शाबूत असेल तर संग्राहक जास्त मोजतात. तुम्हाला फक्त ऐकायचं असेल तर बिनओबिची घ्या.

मर्यादित आवृत्ती मागवायच्या आधी सोबतची चित्रफीत कुठल्या विभागाची आहे ते तपासा. सीडी कुठेही वाजते. पण डीव्हीडीत जपान विभाग 2 मध्ये आहे आणि भारत 5 मध्ये. ब्लू-रेत जपान ए, आपण सी. पाकिटावर सर्व विभागांत चालेल असं लिहिलेलं नसेल तर घरच्या यंत्रावर पडदा काळाच राहू शकतो, आणि जास्त पैसे तर त्या चित्रफितीसाठीच मोजलेले असतात. अशा वेळी साधी ‘त्सुजोबान’ मागवा. गाणी बहुधा तीच असतात, कधी तर एखादं जास्तच मिळतं.